मुद्दाम फोडलेला बांध

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंपाशी न्यायशास्त्राचं अध्ययन संपवून बसला होता. संपवून म्हणजे, त्याच्या मते. सात वर्षं त्याने स्मृती घोकल्या, जुने निवाडे वाचले, बखरी चाळल्या, आणि आता कुणी काहीही विचारलं तरी उत्तर जिभेवर तयार असे. अशा माणसांना प्रश्न पुरा ऐकायचा धीर नसतो. हे मी थोडं चिडूनच लिहितोय, कारण पंचविशीत मीही तसाच होतो आणि माझ्या तयार उत्तरांनी दोन-चार भल्या माणसांना निष्कारण दुखावलं आहे. असो.

गुरू वृद्ध होते. सगळा मुलूख त्यांना शास्त्रीबुवा म्हणे. दरबारात वर्षानुवर्षं रेंगाळलेली भांडणं त्यांच्या ओसरीवर आठवड्याभरात मिटत, त्यामुळे लांबलांबून लोक येत. त्या वर्षी श्रावण सरता सरता खाडीकाठच्या एका गावाचा पाटील आला. पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला होता. पाणी प्यायला आणि म्हणाला, "शास्त्रीबुवा, आमच्या गोमानं बांध फोडला. काय करायचं सांगा."

ज्यांनी खाडीकाठ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तिथली शेती समुद्राकडून मागून घेतलेली असते. खाडीच्या कडेने चिखलाचा लांबच लांब बांध घालतात आणि आतल्या जमिनीत भात पिकवतात. तिला म्हणतात खार. बांधात एक लाकडी दार असतं, ती उघाडी. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने ते बाहेरच्या बाजूला उघडतं आणि पाणी खाडीत जातं. भरती आली की समुद्रच ते दार लोटून बंद करतो. चाळीस घरांचा वर्षाचा तांदूळ त्या बांधावर आणि त्या एका दारावर अवलंबून. म्हणून गावाचा एक नियम होता, कुठे लिहिलेला नाही पण सगळ्यांना पाठ: गावाच्या संमतीवाचून बांधाला फावडं लावायचं नाही. जो लावेल त्याचा खारीतला वाटा गेला, कायमचा.

आणि गोमाने नेमकं तेच केलं होतं. नारळी पौर्णिमेला सगळं गाव पहाटेच होड्यांतून खाडीच्या मुखाशी गेलं होतं, दुपारच्या भरतीला समुद्राला नारळ द्यायला. त्या दिवशी बांधावर राखणीची पाळी गोमाची. लोक दुपार कलल्यावर परतले तर बांधाला भगदाड पडलेलं, शेजारी चिखलाने माखलेला गोमा, हातात फावडं, आणि समुद्राचं पाणी शिरलेलं नेमकं एका शेठच्या खाचरांत. तीन खाचरं खाऱ्या पाण्याखाली. मीठ एकदा जमिनीत मुरलं की दोन-तीन वर्षं तिथे भात धरत नाही. त्यात महिन्याभरापूर्वीच उघाडीवर जाळं लावून मासे धरायचा हक्क गावाने या शेठला दिला होता, आणि त्याआधी तीन पिढ्या तो हक्क गोमाच्या घराकडे होता. आता कुणाला काय वाटणार, ते सांगायला शास्त्र नको.

शास्त्रीबुवांनी शिष्याकडे पाहिलं. "तू जा. चौकशी कर, निवाडा लिहून आण. हीच तुझी परीक्षा समज."

शिष्य गेला. गावच्या देवळात लोक जमले. गोमा समोर बसला. साठीचा, काटक, तळहाताला चिंधी बांधलेली. त्याच्या घरात खाणारी सात तोंडं होती आणि खारीतला तेवढा एक पट्टा सोडला तर दुसरं काही नव्हतं. शिष्याने शास्त्रशुद्ध प्रश्न विचारले. त्याला त्यांचा अभिमान होता, कारण त्यांत पळवाट नव्हती.

"बांध तू फोडलास?"

"व्हय."

"पाय घसरला, माती आपोआप ढासळली, असं काही झालं?"

"नाय. फावड्यानं फोडला."

"म्हणजे मुद्दाम फोडलास."

गोमाने एकदा शेठकडे पाहिलं. शेठ बिचारा भिंतीला टेकून बसला होता, डोळे सुजलेले. सगळे समजतात तसा तो पैशांवर लोळणारा माणूस नव्हता. त्या वर्षी पहिल्यांदा त्याने स्वतः चिखलात उभं राहून लावणी करवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हौसेने दाखवत होता. गोमाने मान खाली घातली. "मुद्दामच," तो म्हणाला.

झालं. शिष्याला आणखी काय हवं होतं? कृत्य सिद्ध, हेतू सिद्ध, जुनं वैर सिद्ध. त्याने शेठलाही एक प्रश्न विचारला, आपलं रीतीप्रमाणे. उघाडी त्या दिवशी चालू होती का? शेठ म्हणाला, जाळं ताठ राहावं म्हणून दारावर आडवी फळी मारलेली असते, पुनव-अमावास्येच्या उधाणाच्या आधी ती काढायची असते, या खेपेला गड्यांना सांगायचं राहून गेलं. "पण मी काही मुद्दाम नाही ठेवली," तो म्हणाला. शिष्याने समजुतीने मान हलवली. न केलेल्या गोष्टीत हेतू कुठून असणार?

परत येऊन त्याने निवाडा लिहिला. गोमाने मुद्दाम, पूर्ववैराने, गावाच्या संमतीविना बांध फोडला, सबब त्याचा वाटा काढून घ्यावा. शास्त्रीबुवांनी तो दोनदा वाचला.

"सुबक आहे," ते म्हणाले. "अक्षर तर फारच छान."

शिष्य सात वर्षं त्यांच्याजवळ होता. त्यांनी अक्षराची स्तुती केली की समजायचं, काहीतरी बिनसलंय. "मग पाठवू का गावाला?"

"नको. अमावास्येला आपण दोघं जाऊ. सूर्य उगवायच्या आत बांधावर पोचायला हवं, म्हणजे पुनवेला होती तीच ओहोटी मिळेल."

ओहोटीशी निवाड्याचा काय संबंध, हे शिष्याला कळेना. पण विचारलं तर आपल्याला कळत नाही हे उघड होईल, म्हणून तो गप्प राहिला. शिकलेली माणसं अशीच वर्षंच्या वर्षं गप्प राहतात.

अमावास्येला दोघं पोचले तेव्हा नुकतं उजाडत होतं. रात्री पाऊस नव्हता. सगळं गाव बांधावर गोळा झालं होतं. बायका डोक्यावर पानांची इरली घेऊन उभ्या होत्या, पाटील पुढे, शेठ एका बाजूला. गोमाही आला होता, आणि त्याच्या आसपास दोन-तीन हात जागा मोकळी होती. त्याच्याजवळ कुणी उभं राहायला तयार नव्हतं.

शास्त्रीबुवांनी कमरेवर हात ठेवून खाडी पाहिली, बांध पाहिला, मग म्हणाले, "गोमा, पुनवेला बांध फोडलास तसाच आज पुन्हा फोड. त्याच जागी."

मग एकच गलका झाला. पाटील पुढे आला. "शास्त्रीबुवा, दोन दिवस सगळं गाव छातीपर्यंत चिखलात उभं राहिलं तेव्हा तो बुजलाय. तुम्ही न्याय करायला आलात की बुडवायला?" मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारपणी असं होतं माणसाचं. शिष्याचे कान लाल झाले. आपल्या गुरूंची त्याला त्या क्षणी खरोखर लाज वाटली, आणि ती वाटल्याचं वाईटही वाटलं.

शास्त्रीबुवा ढिम्म. "बुजवायची जबाबदारी माझी. फोड रे बाबा."

गोमाने हळूच विचारलं, "सगळं तसंच करू? पयल्यापासून?"

"पहिल्यापासून. एकही गोष्ट गाळू नकोस."

गोमाने अंगातली बंडी काढून दगडावर ठेवली. लोकांना वाटलं, आता हा फावडं उचलणार. पण तो फावडं तिथेच ठेवून भलत्याच दिशेला चालू लागला, सरळ उघाडीकडे. तिथे पोचून तो आतल्या पाण्यात उतरला, श्वास घेतला आणि बुडी मारली. वर आला. परत बुडी मारली. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याच्या तळहाताची जुनी जखम उलली होती आणि पाण्यात रक्ताची बारीक रेघ दिसत होती.

"इथं तीनदा बुडी मारली," तो धापा टाकत म्हणाला. "फळी फुगून बसली व्हती. दार वीतभर पण उघडंना. रातभरच्या पावसानं आत पानी बांधाच्या माथ्याला चार बोटं कमी, वरून सांडलं असतं तर आख्खा बांध गेला असता. आज पन फळी तशीच हाय."

आज पण. सगळ्यांच्या माना उघाडीकडे वळल्या. खरंच की, पंधरा दिवस झाले, एक पूर येऊन गेला, एक बांध फुटून बुजला, आणि उधाणाच्या दिवशी ती फळी अजून दारावर आडवीच. शेठ एकदम दुसरीकडे पाहू लागला.

गोमा पाण्यातून बाहेर आला आणि बांधावरून चालू लागला. चालताना दर पावलाला टाच आपटत होता. एका जागी आपटली, पुढे गेला. दुसऱ्या जागी आपटली, पुढे गेला. वस्तीची बाजू मागे टाकून बराच पुढे आला, आणि शेठच्या खाचरांसमोर थांबून त्याने दोनदा टाच आपटली. "हितं," तो म्हणाला.

"हितंच का?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"खाली दगुड हाय."

पाटलाच्या तोंडून आपसूक निघालं, "हो की. माझ्या आज्यानं तिथं दगडाची बैठक घातलीय." मग त्याने बाकीच्यांना सांगितलं, कारण तरुणांना ते माहीत नव्हतं. साध्या जागी बांध कापला की पाणी दोन्ही बाजू खात जातं आणि हाताएवढी खांड घटकाभरात घराएवढी होते. त्या बैठकीवर कापला तर भगदाड हवं तेवढंच राहतं. सबंध बांधात तशी जागा ती एकच होती.

आता तरी फावडं बांधाला लागेल असं सगळ्यांना वाटलं. गोमाने फावडं घेतलं खरं, पण तो बांधाच्या आतल्या उतारावरून खाली गेला आणि कडेच्या चिखलाची ढेकळं कापू लागला. चौकोनी, दोन्ही हातांत मावतील एवढी. कापायची, उचलायची, बांधावर आणून रचायची. दहा झाली, वीस झाली. तीस झाली. ऊन वर येऊ लागलं. लोक चुळबुळायला लागले. एक जण वैतागून म्हणाला, "अरे, तुला फोडायला सांगितलंय."

"आदी बुजवायची तयारी," गोमा मान वर न करता म्हणाला, "मंग फोडनं."

साठ ढेकळं झाल्यावर त्याने राखणीच्या खोपटावरचा पेंढा ओढून आणला, त्याच्या जाड पेंढ्या वळल्या आणि ढेकळांशेजारी ठेवल्या. मग कुठे तो बांधावर चढला, खाडीकडे बघून आतलं पाणी बाहेर काढायला ओहोटी पुरेशी आहे ना, हे नीट न्याहाळलं आणि पहिला घाव घातला.

"पुरे," शास्त्रीबुवा म्हणाले. "मला दिसायचं ते दिसलं."

गोमा थांबला. फावडं टेकून उभा राहिला, आणि त्याच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. ते घामाचं की डोळ्यांचं, हे कुणी पाहत बसलं नाही.

पण शिष्य हा शिष्य होता, आणि खरं सांगायचं तर मला तो इथे आवडतो. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "गुरुजी, क्षमा असावी. आज सगळं गाव बघतंय. आज हा माणूस कितीही शहाण्यासारखा वागेल. पुनवेला त्याने हेच केलं कशावरून?"

शास्त्रीबुवांचा चेहरा उजळला. "हा प्रश्न तू पहिल्या दिवशी विचारायला हवा होतास. पण विचारलास, हे चांगलं झालं. आता उत्तर मला माहीत नाही. इथे कुणाला माहीत असेल तर त्याने सांगावं."

बायकांच्या घोळक्यातून एक बाई पुढे आली. यसूबाय तिचं नाव. बांध बुजवायला चिखलात सगळ्यांत आधी उतरणाऱ्यांतली. "मना म्हायती हाय," ती म्हणाली. "पुनवेला आमी परतलो, खांड बुजवायला धावलो, तवा ह्याच जागी तीसेक ढेकळं तयार पडली व्हती. कापलेली, रचलेली. गवताची बाजू खाली करून. आमी तीच पयली लावली. बाकी लोक गवत वर ठेवून रचतात, गवत खाली करून फकस्त गोमाच रचतो. आनि निम्मी खांड तर आमच्या आदीच बुजवायला घेतल्याली. भरतीनं त्याचं काम धुऊन नेलं, पन पेंढा आतच अडकल्याला व्हता. मी माझ्या हातानं वढून काढला."

पाटील चिडला. "मग देवळात एवढी चौकशी झाली तेव्हा तुझ्या तोंडाला काय कुलूप होतं?"

यसूबाय शांतपणे म्हणाली, "मना कोनी इचारलं? सगळे इचारत व्हते, फोडला कोनी. बुजवला कोनी, असं कोनीच इचारलं नाय."

शिष्याने मान खाली घातली, कारण विचारणारा तोच होता.

शास्त्रीबुवा बांधावरच बसले आणि त्यांनी शिष्यालाही बसवलं. ते मोठ्याने बोलत होते, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

"कृत्यामागचा हेतू पाहावा, हे तुला मीच शिकवलं. पण ते अर्धवट शिकवलं, हा माझा दोष. हात आपोआप हलला की मनाने हलवला, एवढंच तू पाहिलंस आणि मनाने हलवला म्हणताच कागद पुढे ओढलास. अरे, वैद्य गळू फोडतो तोही मनानेच फोडतो. हेतू डोळ्यांना दिसत नाही, हे मान्य. पण माणूस कशाची तयारी करून निघतो, ते दिसतं. नासधूस करायला निघालेला माणूस दुरुस्तीचं ओझं आधी वाहत नाही. ह्याने साठ ढेकळं वाहिली, मग एक घाव घातला. तू घाव मोजलास आणि ढेकळं सोडून दिलीस."

शिष्य म्हणाला, "त्याच्याकडे वैराचं कारण होतं, गुरुजी."

"होतंच. कारण कुणाकडे नसतं? तुला बखरी पाठ आहेत, त्या आठव. शत्रूने गाव जाळलं की बखरकार लिहितो, दुष्ट बुद्धीने जाळलं. आपल्या राजाने जाळलं की तोच लिहितो, नाइलाज झाला. लिहिणारा दोघांच्याही मनात जाऊन आलेला नसतो. घरातही तेच चालतं. सुनेच्या हातून दूध उतू गेलं तर तिने मुद्दाम घालवलं, लेकीच्या हातून गेलं तर पोर दमली होती बिचारी. ज्याच्यावर आपला राग असतो त्याला आपण हेतू चिकटवतो, आणि ज्याच्यावर माया असते त्याला निमित्त शोधून देतो. न्याय करणाऱ्याला या दोन्ही सवयी सोडाव्या लागतात, आणि मला अजून त्या पुरत्या सुटलेल्या नाहीत."

घोळक्यात दोन-तीन सासवा आपापल्या पदराशी चाळा करू लागल्या.

आता शेठला राहवेना. "शास्त्रीबुवा, म्हणजे आता दोषी मी का? मी फळी काही मुद्दाम नव्हती ठेवली. देवाशपथ सांगतो."

"माझा विश्वास आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "तुला गावाचं वाईट करायचं नव्हतं. मला एवढंच सांग, फळी काढायची असते हे तुला कुणी सांगितलं होतं?"

शेठने गोमाकडे पाहिलं. मग म्हणाला, "गोमानंच. दोनदा. मला वाटलं, हक्क गेला म्हणून उगाच शहाणपणा करतोय."

"पहिल्या वेळी तू विसरलास, ती चूक. दुसऱ्यांदा सांगितल्यावर लक्ष द्यायचं नाही, असं तू ठरवलंस. आणि आज पंधरा दिवसांनी फळी तिथेच आहे, तीन खाचरं गमावल्यावरही. शेठ, न बघणं हेही माणूस कधीकधी ठरवूनच करतो, फक्त स्वतःला ते सांगत नाही. तुला मी दुष्ट म्हणत नाही. पण 'मुद्दाम नाही केलं' एवढं म्हणून कुणाची सुटका होत नाही, तुझीही नाही."

शेठने आता कुठे त्या फळीकडे नीट पाहिलं. त्याचा चेहरा पाहून लोकांनाही वाईट वाटलं, आणि ज्यांनी गोमाला पंधरा दिवस वाळीत टाकल्यासारखं वागवलं होतं त्यांना तर फारच वाटलं. एक म्हातारा दोन पावलं सरकून गोमाच्या जवळ जाऊन उभा राहिला. मग आणखी एक सरकला. बघता बघता ती मोकळी जागा भरून गेली.

पाटलाने घसा साफ केला. "मग निवाडा काय समजायचा? नियम तर मोडलाय."

"मोडलाय. नियम कशासाठी केला होता?"

"बांध राखायला."

"मग ज्याने बांध राखला त्याचा वाटा त्याच नियमाने कसा काढून घेणार? गोमाचा पट्टा गोमाकडे राहील. यापुढे नियमाला एवढी जोड द्या, की बुडायची वेळ आली आणि विचारायला गाव जवळ नसेल, तर राखणदाराने दगडी बैठकीवर बांध कापावा आणि त्याआधी बुजवायची तयारी करावी."

गोमा पहिल्यांदाच आपणहून बोलला. "आनि शेठच्या खाचरांचं काय? ती माझ्या हातानं गेली. ते कोनाच्या तरी माथी मारा."

शास्त्रीबुवा त्याच्याकडे वळले. "ते तुझ्या एकट्याच्या माथी येत नाही. त्या तीन खाचरांच्या जिवावर चाळीस घरांचं भात वाचलंय. मीठ काढायला काय करावं लागतं?"

"पावसाचं गोडं पानी कोंडायचं, सोडायचं. परत कोंडायचं, परत सोडायचं. दोन पावसाळं लागतील."

"मग प्रत्येक घराने पाळीपाळीने माणूस द्यावा आणि ते करावं. तोवर शेठच्या घरचा तांदूळ गाव भरेल. आणि उघाडीचा हक्क शेठकडेच राहू दे, पण उधाणाच्या आदल्या दिवशी फळी त्याने स्वतःच्या हाताने काढायची. गड्याला सांगून नव्हे."

पाटलाने सगळ्यांकडे पाहिलं. कुणाची ना नव्हती. लोक खाली उतरले, आणि घावाने पडलेली खाच रचलेल्या ढेकळांतल्या दोन-तीनांनी बुजवून टाकली. पाटलाच्या मुलाने पाण्यात उतरून दोघांच्या मदतीने फळी उपटली. दार कुरकुरत पुरतं उघडलं आणि आतलं पाणी खळाळत खाडीत जाऊ लागलं.

गर्दी पांगल्यावर शिष्य गोमाजवळ गेला. शिष्याच्या कंबरेला तो सुबक अक्षरातला निवाडा अजून खोचलेला होता. "गोमा," तो म्हणाला, आणि मग थांबून म्हणाला, "गोमाकाका, मी तुम्हाला तीनदा विचारलं. एकदा जरी तुम्ही सांगितलं असतंत, की पाणी चढत होतं, दार अडकलं होतं, तर मी ऐकलं असतं. तुम्ही नुसतं हो म्हणालात. तुमचा पट्टा जात होता. का नाही बोललात?"

गोमा बंडी घालत होता. जखमी हात बाहीत घालायला त्याला वेळ लागला.

"तुमी इचारलं, मुद्दाम फोडला का. मुद्दामच फोडला व्हता, मंग खोटं कसं सांगू? आनि शेठ समोरच बसला व्हता ना. आपल्या हातानं लावलेलं त्याचं भात खारं झालं व्हतं. त्याच्या तोंडासमोर मी कसं सांगू, का मी किती चांगला?"

सात वर्षांत पहिल्यांदा शिष्याच्या जिभेवर काहीच तयार नव्हतं. त्याने कंबरेचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि गुरूंच्या हाती दिला. गुरूंनीही तो न बघता पिशवीत ठेवला.

शेठ मागेच उभा होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. तो पुढे आला, पण गोमाच्या डोळ्यांत बघायचं त्याला जमेना, म्हणून तो खाडीकडे बघत बोलला. "तू त्या दिवशी सांगितलं असतंस तरी मी मानलं नसतं. हे खरंच सांगतो."

"म्हायतीय," गोमा म्हणाला.

"पुढल्या पुनवेच्या आदल्या दिवशी फळी काढायचीय. मला पाण्यात उतरायची सवय नाही. खाली कुठे हात घालायचा तेही कळत नाही. गोमा, त्याआधी एकदा तुझ्याकडे येईन म्हणतो. शिकवशील?"

"इकडं काय काम निघालं तर या."

"काम कशाला निघायला हवं?" शेठ म्हणाला. "मुद्दाम येईन."

गोमा हसला. आणि शिष्य, ज्याने 'मुद्दाम' हा शब्द आजवर फक्त गुन्ह्याच्या कागदावर लिहिला होता, परतीच्या वाटेवर तोच शब्द मनात घोळवत गुरूंच्या मागून चालत राहिला.

आपणही आज दिवसभरात कुणाबद्दल तरी म्हणू, की त्याने मुद्दाम केलं. म्हणायला हरकत नाही, पण त्याच्या शेजारी ढेकळं रचलेली आहेत का, तेवढं आधी बघून यावं.